असंबद्धातील संगती

परीक्षेत विनोदी, असंबद्ध कवितेचे तात्पर्य विचारले म्हणजे विद्यार्थी गोंधळतो. कवीने जेथे अर्थाशीच खेळ मांडला, तेथे बोध शोधीत बसणे व्यर्थ होय. विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ १९६३ साली प्रसिद्ध झाला. तो देश कोणत्याही नकाशात नाही. बंगालीत सुकुमार राय यांनी ‘आबोल ताबोल’ (१९२३) मध्ये अशीच सृष्टी निर्माण केली होती.

अशा कवितेचा पाया मात्र ज्ञान हाच असतो. ‘शिंगाडे झाडावर पिकले आणि मासे बांधीत रोवणी करू लागले’ असे म्हटले, तर भंडारा जिल्ह्यातील मूल तत्काळ हसेल. कारण शिंगाडा तलावात होतो व धानाची रोवणी माणसे करतात, हे त्याने पाहिलेले असते. ज्याला रीतच ठाऊक नाही, त्याला तिची उलथापालथ कशी कळणार?

म्हणून उत्तर लिहिताना प्रथम कोणता नियम मोडला, हे सांगावे. मग कोणता पाळला, हे पाहावे. वरील वाक्यात वस्तुस्थिती मोडली, व्याकरण मात्र अभंग राहिले. कवितेत छंद व यमकही असेच सांभाळलेले असतात. बोध सापडला नाही म्हणून जागा कोरी सोडू नये. आपण का हसलो, हे नेमके लिहिणे हेच तिचे रसग्रहण होय.