पिल्लाची किडनी, सोनोग्राफीच्या पडद्यावर

पाच-सहा महिन्यांचं शित्झूचं पिल्लू. वाटीभर पाणी संपवतं आणि पुन्हा वाटीपाशी येऊन उभं राहतं. घरात जिथे तिथे ओलं करतं, खाण्यात लक्ष नाही, अंगानेही खुरटलेलं. घरचे म्हणतात, अजून शिस्त लागली नाही. इंदूरच्या स्नेहलतागंजात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, फ्लॅटमध्ये सोयीची म्हणून अशी लहान, केसाळ कुत्री घरोघरी आली. त्यातल्या काही जातींबरोबर किडनीचा जन्मदोषही येतो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

ल्हासा अ‍ॅप्सो आणि शित्झू यांच्यात मूत्रपिंडाची घडणच कच्ची राहण्याचा दोष पूर्वीपासून नोंदलेला आहे. कॉकर स्पॅनियलमध्ये किडनीतल्या गाळणीच्या पडद्यातलं कोलॅजन हे प्रथिन सदोष असतं, तर बुल टेरियरमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होतात. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची किडनी पुरती तयार नसते. गाळणीचे घटक जन्मानंतरही दोन-तीन आठवडे बनत राहतात. ते काम मध्येच बिघडलं, तर अर्धवट वाढलेले घटक तसेच राहून जातात.

मग रक्त तपासलं की झालं, असं वाटतं. पण किडनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसत नाही. त्यातही क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि पिल्लाचे स्नायू कमी. त्यामुळे मोठ्या कुत्र्याला नॉर्मल ठरणारा आकडा पिल्लाच्या बाबतीत फसवा असू शकतो. सोनोग्राफीचा उपयोग इथे होतो.

यंत्राचं तत्त्व जुनं आहे. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. पोटावर टेकवायच्या प्रोबमधला स्फटिक याच गुणावर चालतो: विजेने थरथरून ध्वनिलहरी सोडतो आणि परतलेल्या लहरींची पुन्हा वीज करतो. लहान कुत्र्यासाठी साधारण ७.५ ते १० मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. लहरी जितक्या बारीक, तितकं चित्र स्पष्ट, पण त्या खोल जात नाहीत. पिल्लाच्या पोटात खोल जावंच लागत नाही.

पोटावरचे केस भादरून जेल लावतात आणि पिल्लाला उताणं धरतात. डावी किडनी प्लीहेजवळ लवकर सापडते. उजवी बरगड्यांखाली यकृताला टेकलेली असते. मध्ये आतड्यातला वायू आला की ती लपते. निरोगी किडनीत बाहेरची साल आणि आतला गाभा यांच्यातली सीमा स्वच्छ दिसते. गाभा सर्वांत काळा. साल यकृताइतकी किंवा त्याहून गडद, आणि प्लीहा तिच्याहून उजळ. जन्मदोषाच्या किडन्या बहुधा लहान, ओबडधोबड आणि पांढुरक्या दिसतात, सालीची नि गाभ्याची सीमा पुसलेली असते.

पण लहान म्हणजे किती? कुत्रं दोन किलोचंही असतं आणि साठ किलोचंही. म्हणून किडनीच्या लांबीला शेजारच्या महाधमनीच्या व्यासाने भागतात. उत्तर ५.५ ते ९.१ च्या दरम्यान आलं तर आकार ठीक.

पिल्लू आजारी पडल्यावर डॉक्टरला पडणारा मोठा प्रश्न असा: दुखणं जन्माचं की कालपरवाचं? पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस झाला, तर किडनी बहुधा सुजून मोठी होते, कधी तिच्याभोवती पाणीही साचतं. तिथे प्रतिजैविकं आणि सलाइन वेळेवर मिळाली तर पिल्लू बरं होऊ शकतं. किडनीतून निघणारी मूत्रवाहिनी भलत्या जागी उघडत असेल तर किडनीचा द्रोण, म्हणजे लघवी गोळा होणारा भाग, फुगलेला दिसतो, आणि अशा काही पिल्लांना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. आकसलेल्या, खडबडीत किडन्या मात्र जुन्या हानीकडे बोट दाखवतात.

सोनोग्राफी घडण दाखवते, काम मोजत नाही. सुरुवातीच्या दोषात चित्र अगदी नॉर्मलही येतं. सलाइन चालू असेल तर द्रोण थोडा फुगतो आणि नसलेला आजार भासतो. म्हणून लघवीचा घट्टपणा, तिच्यातलं प्रथिन, रक्तदाब आणि रक्त या सगळ्यांबरोबरच ते चित्र वाचायचं. भरपूर पाणी पिणाऱ्या पिल्लाची लघवी वारंवार पाण्यासारखी पातळ येत असेल, तर नॉर्मल चित्रावर विसंबून चालत नाही. पक्का निवाडा शेवटी किडनीच्या तुकड्याच्या तपासणीतच होतो.

इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, महूमध्ये, १९५५ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शहरातल्या दवाखान्यात यंत्र नसेल किंवा चित्राबद्दल शंका असेल, तर अशा शिक्षणसंस्थेचा आधार जवळ असणं मोलाचं.

किडनीची घडणच कच्ची असेल तर त्या दोषावर इलाज नाही. फॉस्फरस कमी असलेलं खाणं, भरपूर पाणी आणि मळमळीवरचं औषध यांनी दिवस सुखाचे करता येतात. पण निदानाचा उपयोग त्या एका पिल्लापुरता नसतो. ते कळल्यावर विकणाऱ्याला कळवावं, भावंडांची तपासणी करायला सांगावं आणि त्या नर-मादीची जोडी पुन्हा लावू देऊ नये. पिल्लू घेताना वंशावळीचा कागद मागणाऱ्यांनी आईबापांच्या किडनीचा रिपोर्टही मागायला हवा.