नगरपालिकांचा पडून असलेला पैसा

दिनांक ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदारांस ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई केली. त्याच्या अवघे एकदोन दिवस आधी आपल्या बडोद्याच्या स्मार्ट सिटी कंपनीने त्या बँकेतील २६५ कोटी रुपये काढून घेतले होते. केंद्र सरकारच्या अनुदानाची ही रक्कम बँक ऑफ बडोदामध्ये, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापिलेल्या पेढीत, विसावली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेस मात्र ही संधी साधता आली नाही. तिचे सुमारे ९८४ कोटी रुपये अडकून पडले. निर्बंध १८ मार्चला उठले व पैसा बुडाला नाही, हे नागरिकांचे सुदैव.

नगरपालिकेजवळ इतका पैसा पडून असतोच कसा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कर व अनुदाने ठराविक वेळी एकदम येतात. कंत्राटदारांची देयके मात्र काम होईल तसतशी चुकवावयाची असतात. मधल्या काळात तो पैसा कोठेतरी ठेवावा लागतो. बडोद्यासारख्या मोठ्या शहराजवळ निदान हिशेबनीसांची फौज तरी असते. एखाद्या लहान नगरपालिकेचा अधिकारी बँकांचे ताळेबंद केव्हा वाचणार? तो बहुधा अर्धा टक्का अधिक व्याज पाहतो.

यावर अमेरिकेत एक तोड निघाली. अनेक गावांनी, शाळा मंडळांनी व पाणीपुरवठा संस्थांनी आपला शिलकी पैसा एकत्र करावा, जाणत्या माणसांनी तो सुरक्षित रोख्यांत गुंतवावा आणि ज्याला लागेल त्याला आपला वाटा चटकन काढून घेता यावा. कॅलिफोर्निया राज्याच्या खजिनदाराकडे असा सामाईक निधी १९७७ पासून चालू आहे.

परंतु त्याच राज्यातील ऑरेंज परगण्याची कथा ऐकण्यासारखी आहे. तेथील खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांच्या निधीत सुमारे ७५० कोटी डॉलर जमले होते. शाळा मंडळांना तर कायद्यानेच तेथे पैसा ठेवावा लागे. सिट्रन यांनी हातातील रोखे तारण ठेवून कर्ज काढले, त्या कर्जातून आणखी रोखे घेतले आणि पसारा २००० कोटींच्या वर नेला. व्याजाचे दर चढणार नाहीत, या एका भरवशावर हा सारा डोलारा उभा होता. जोवर दर चढले नाहीत तोवर इतरांपेक्षा अधिक उत्पन्न मिळे आणि कोणी फारसे विचारीत नसे. काही शहरांनी तर कर्ज काढून त्यात पैसा घातला. १९९४ साली दर चढले. सुमारे १६० कोटी डॉलरचा तोटा झाला आणि ६ डिसेंबरला परगण्याने दिवाळे जाहीर केले. राज्याचा निधी मात्र त्या वर्षीही उभा राहिला.

तेव्हा दोष पैसा एकत्र करण्यात नव्हता, असे मला वाटते. एकत्र केलेला पैसा एकाच माणसाच्या अंदाजावर सोडला गेला, हा दोष. पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा कडक केला व गुंतवणुकीचे तिमाही अहवाल मागविले. गुजरातेतील लहान नगरपालिकांनी असा निधी उभारावयाचे मनात आणले, तर व्याजाचा दर ठरविण्यापूर्वी त्यांनी हे अहवाल कोण मागेल व कोण वाचील, ते ठरवावे.