तांब्याचा डोंगर, नागपूरचा पत्ता

देशातला तांब्याचा सर्वांत मोठा साठा नागपूरच्या शेजारातच आहे. गोंदियाची हद्द ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो आणि त्याच जिल्ह्यात आहे मलांजखंड. तिथल्या दगडांच्या या काही भन्नाट गोष्टी.

एकेकाळी आपलंच! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाटचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. मग राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, मलांजखंड मध्य प्रदेशात राहिलं.

वय वर्षं २५० कोटी. म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून जास्त! हे कळलं कसं? तांब्यासोबत तिथे मॉलिब्डेनाइट सापडतं. त्यातल्या रेनियमचं अतिशय संथपणे ऑस्मियम होत राहतं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं.

गरम पाण्याची करामत. जगातलं निम्म्याहून जास्त तांबं पॉर्फिरी प्रकारच्या साठ्यांतून येतं. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस थंड होऊ लागतो. त्यापासून घडलेल्या ज्या बारीक कणांच्या दगडात ठसठशीत मोठे स्फटिक दिसतात, तो पॉर्फिरी. शिलारसातून सुटलेलं तापलेलं, खारट पाणी खडकाला हजारो चिरा पाडतं आणि त्यांत तांबं सोडून जातं. चिलीची प्रचंड एस्कोन्दिदा खाण याच जातीची.

मलांजखंड कोणत्या जातीचं? यावर भूवैज्ञानिकांचं अजून एकमत नाही. काही जण त्याला पॉर्फिरी मानतात. इतरांना ते पटत नाही, कारण इथलं बरंचसं तांबं ग्रॅनाइटमधल्या गारगोटीच्या जाड पट्ट्यात आहे. शिवाय पॉर्फिरी साठे कमी खोलीवर घडतात आणि झिजून जातात, त्यामुळे जगातले बहुतेक साठे काही कोटी वर्षांचेच आहेत. मलांजखंड खरोखर पॉर्फिरी असेल, तर ते जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक ठरेल.

चकाकतं ते सोनं नव्हे. पांढऱ्या गारगोटीत पितळी पिवळे ठिपके दिसतात, ते चाल्कोपायराइट: तांबं, लोखंड आणि गंधक यांचं खनिज. हवा लागली की त्यावर निळी-जांभळी झाक चढते. खरबरीत फरशीवर घासा, हिरवट काळी रेघ उमटेल. सोन्याची रेघ पिवळीच उमटते.

टनामागे दहा किलो. इथल्या खनिजात तांबं एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे एक टन दगड फोडावा, दळावा, तेव्हा कुठे दहाएक किलो तांबं!

खाणीखाली खाण. हिंदुस्तान कॉपरची इथली खुली खाण १९८२ मध्ये सुरू झाली. आता त्याच खड्ड्याखाली भूमिगत खाणकाम चालतं.

कागदपत्रं मात्र नागपुरात. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स, खनिज शोधणारी एमईसीएल आणि मँगनीजवाली मॉइल या तिन्हींची मुख्यालयं नागपुरातच आहेत. देशाच्या खाणींचा बराचसा हिशेब इथेच ठेवला जातो.

घरच्या अंगणातही. नागपूर जिल्ह्यात पुलर-परसोडीला आणि चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला तांब्याच्या खुणा सापडल्या आहेत.

आणि शेवटची, सगळ्यांत कामाची गोष्ट: तांबं कितीही वेळा वितळवलं तरी त्याचा कस जात नाही. तेव्हा कूलरच्या मोटारीचं जळलेलं वाइंडिंग किंवा जुनी वायर कचऱ्यात फेकू नका, भंगारवाल्याला द्या. तेवढाच दगड फोडायचा वाचेल.