एका मळ्याची कॉफी : पोते वेगळे, भाव वेगळा



पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदड एकाच पोत्यात भरली, तर व्यापारी भाव कुठला लावतो हे तुम्हांला सांगायला नको. कॉफीचेही तसेच आहे. कर्नाटकात चिकमगळूर-कोडगूच्या डोंगरात घरच्या माणसांनी राखलेले लहान मळे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींचा माल आज मळ्याच्या नावाने विकला जातो आणि दर चढा मिळतो. तो कशाने, ते पाहू.

पूर्वी हे जमण्यासारखे नव्हते. सगळ्यांनी आपला माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यायचा, असा कायदा होता. तिथे प्रतवारी होई, पण कोणाचा दाणा कोणत्या पोत्यात गेला याचा पत्ता नसे. १९९६ साली ही सक्ती पूर्ण उठली. विकायची मोकळीक आली, तशी भावाची जोखीमही घरावर आली.

खरी मेख तोडणीत आहे. अरेबिका जातीचे फळ नोव्हेंबर ते जानेवारीत पिकते, पण एकाच फांदीवर लाल, पिवळे, हिरवे असे सगळे असते. मजुरी वाचवायला फांदी ओरबाडली की माल तिथेच बिघडला. हिरव्या फळाने चव तुरट होते. दहा-पंधरा दिवसांनी फिरून फक्त लाल फळ तोडायचे. असे चार ते सहा तोडे होतात. त्यातही पाच-सहा किलो फळातून कॉफी मिळते किलोभर! घरचे हात असलेला मळा इथेच मोठ्या मळ्याला भारी पडतो.

तोडलेले फळ आधी पाण्यात टाका. तरंगेल ते पोकळ, किडके. ते बाजूला काढा. बाकीच्याची साल त्याच दिवशी यंत्रावर काढा. रात्रभर पोत्यात राहिले तर फळ तापते. साल निघाली तरी दाण्यावर बुळबुळीत थर राहतो. तो टाकीत एक-दीड दिवसात सुटतो, थंडीत जास्त वेळ लागतो. घड्याळावर विसंबू नका. मूठभर दाणे धुऊन चोळा. खडीसारखे खरखरीत लागले की लगेच धुवा. उशीर झाला तर आंबूस वास बसतो, तो पुढे जात नाही.

वाळवण पातळ पसरा, वरचेवर हलवा, रात्री झाका. ओल १० टक्क्यांवर आणा. जवळपास मिरची, खत, चुलीचा धूर नको, कारण कॉफी वास चटकन ओढून घेते.

प्रत्येक तोड्याचे पोते निराळे ठेवून त्यावर तारीख व जात लिहा. शेजाऱ्याची दोन पोती मिसळली की मळ्याचे नाव गेले. चव पाहणारे तज्ज्ञ १०० पैकी गुण देतात. ८० किंवा वर मिळाले तर माल विशेष दर्जाचा. नमुना निवडून पाठवू नका, सगळ्या पोत्यांतून काढा. नमुना एक नि माल दुसरा निघाला, तर तो गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. सगळाच माल या दर्जाचा होत नाही, उरलेला नेहमीच्या बाजारात घाला.

आपल्याकडे चिखलदऱ्याला कॉफी होते, पण ते ठिकाण सुमारे ११०० मीटर उंच आहे. अरेबिकाला साधारण १००० ते १५०० मीटर उंची, मोठ्या झाडांची सावली आणि मार्च-एप्रिलात फुलोऱ्यासाठी एखादी सर लागते. सपाटीच्या काळ्या रानासाठी कोणी रोपे विकायला आला, तर पैसे मोजण्याआधी त्याला एवढ्या तीन गोष्टी विचारा.