शाम्पूचा पंप वर येत नाही, नेलपेंटचं झाकण फिरत नाही? दात लावण्याआधी हे वाचा!

सकाळची घाई आहे, डोकं ओलं करून झालंय आणि नव्याकोऱ्या शाम्पूचा पंप काही केल्या वर येत नाहीये. ओळखीचा प्रसंग आहे ना? मग ओल्या हातांनी ओढाताण सुरू होते, झाकण दातात धरलं जातं, नाहीतर स्वयंपाकघरातून सुरी मागवली जाते. शाम्पू शे-दोनशे रुपयांचा असतो, पण दाताचा टवका उडाला तर त्याचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, पुन्हा तयार होत नाही. आणि प्लास्टिकवरून सटकलेली सुरी बऱ्याचदा बाटली धरलेल्या हातातच घुसते.

खरं सांगायचं तर ताकद कमी पडली म्हणून बाटली उघडली नाही, असं फार कमी वेळा होतं. ती कशामुळे अडकलीये हे आधी बघितलं की निम्मं काम होतं.

पंप अडकलेला नसतो, लॉक केलेला असतो

वाहतुकीत शाम्पू सांडू नये म्हणून कंपनीतूनच पंप खाली दाबून लॉक केलेला असतो. पंपाच्या डोक्यावर बारीक बाण दिसेल. बहुधा तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असतो. त्या दिशेने फिरवा, पंप आपोआप वर उसळतो. फिरवूनही वर येत नसेल तर पंपाखालची गोल कडी बघा. ती पंपाबरोबर गरगर फिरत असेल तर लॉक सुटणारच कसं? एका हाताने कडी घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने फक्त वरचं डोकं फिरवा. पंप उघडल्यावर पहिल्या पाच-सात दाबांत काहीच आलं नाही तरी घाबरू नका, नळीतली हवा बाहेर पडत असते.

असंच एक मुद्दाम केलेलं लॉक परदेशातून आलेल्या माऊथवॉशच्या बाटल्यांवर दिसतं. झाकण नुसतं टकटक करत फिरत राहतं, उघडत मात्र नाही. अमेरिकेत १९७० साली लहान मुलांना विषबाधा होऊ नये म्हणून एक कायदा झाला. त्यातून पाच वर्षांखालच्या मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी झाकणं आली. ती एक तर खाली दाबून फिरवायची असतात, नाहीतर दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून. आपल्याकडच्या काही टॉयलेट क्लीनरची झाकणंही अशीच असतात. गंमत म्हणजे ही झाकणं मोठ्यांनाही जड जायला लागली. म्हणून १९९५ मध्ये चाचणीचे नियम बदलले आणि ५० ते ७० वयाच्या लोकांना ती उघडता येतात का, हे तपासणं सुरू झालं.

खरा हट्टी प्रकार: नेलपेंट

नेलपेंटमध्ये नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ इथाइल अॅसिटेट, ब्युटाइल अॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेला असतो. नखावर लावलं की द्रावक उडून जातो आणि कडक पापुद्रा उरतो. बाटलीच्या मानेवर ओघळलेल्या थेंबाचंही तेच होतं. झाकणाच्या आट्यांमध्ये तो वाळतो आणि अक्षरशः गोंदासारखा चिकटतो.

म्हणजे इथे गोंद सैल करायचाय. झाकण आणि बाटली जिथे मिळतात तिथे नेलपेंट रिमूव्हरचे दोन-चार थेंब सोडा आणि पाच मिनिटं थांबा. (बाटली जुन्या ताटलीत ठेवा, रिमूव्हरने टेबलाचं पॉलिशही निघतं!) रिमूव्हर नसेल तर झाकणाचा भाग दोन-तीन मिनिटं कोमट-गरम पाण्यात बुडवा. पापुद्रा मऊ होतो, शिवाय प्लास्टिक काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे झाकण किंचित सैल होतं. उकळतं पाणी मात्र नको, थंड काच अचानक तापली तर तडकू शकते. मग बाटली कोरडी पुसा, झाकणावर जाडसा रबरबँड दोन-तीन वेढे गुंडाळा आणि फिरवा.

काही जण लायटर किंवा मेणबत्तीवर झाकण गरम करतात. हे अजिबात करू नका. नेलपेंट आणि रिमूव्हर दोन्ही झटकन पेट घेतात, त्यांची वाफसुद्धा. सगळं काम शेगडीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा. परफ्यूमच्या बाटलीलाही हाच नियम. डिओच्या कॅनला तर गरम पाणीही लावू नका. आत दाबाखाली वायू असतो आणि ५० अंश सेल्सियसच्या वर तापवू नये अशी सूचना डब्यावरच छापलेली असते.

हो, आणि काही नेलपेंटचं वरचं चौकोनी झाकण निव्वळ शोभेचं असतं. ते सरळ वर ओढलं की निघतं, फिरवायचं झाकण त्याच्या आत असतं.

हात निसटत असेल तर

तेलाच्या बाटल्या आणि क्रीमच्या डब्या चिकटलेल्या नसतात, आपली बोटं तेलकट असतात. झाकण आणि हात दोन्ही साबणाने धुऊन कोरडे करा, भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला. छोट्या झाकणाला ताकद जास्त लागते, कारण फिरवायला तरफ छोटी मिळते. ते फडक्यात गुंडाळून सांडशीत हलकेच धरा. जोरात दाबलंत तर प्लास्टिक चिरतं. खटकन उघडणाऱ्या झाकणाला नखाऐवजी चमच्याचं टोक लावा. मलमाच्या ट्यूबवर पातळ पत्र्याचं सील असेल तर टाचणी शोधू नका, झाकण उलटं करून बघा. भोक पाडायचं टोक बऱ्याचदा तिथेच असतं.

घरात सांधेदुखी असलेले आजी-आजोबा असतील तर नवी बाटली आणली त्याच दिवशी एकदा उघडून, हलकी लावून ठेवा. पडल्या-पडल्या सांडेल इतकी सैल नाही, पण ओल्या हाताने फिरेल इतकी. आणि नेलपेंट बंद करण्याआधी रिमूव्हर लावलेला कापूस बाटलीच्या मानेवरून एकदा फिरवा, पुढच्या वेळी झाकण चिकटणार नाही.