पेशीतला कट्टा बिघडतो तेव्हा...

'पेशीची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.' आठवतोय ना हा प्रश्न? मधोमध केंद्रक, बाजूला तंतुकणिका, गॉल्जी, भोवती पटल. प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली आणि प्रत्येक खोलीला भिंत, असं ते टूबीएचकेसारखं नीटनेटकं चित्र. पण त्याच आकृतीत केंद्रकाच्या आत आपण पेन्सिलने एक गडद ठिपका काढायचो. केंद्रकी, म्हणजे न्यूक्लिओलस. या केंद्रकीला भिंतच नसते! मग ती आजूबाजूच्या पाण्यात विरघळून का जात नाही? १८३०च्या दशकापासून शास्त्रज्ञांना ही केंद्रकी माहीत आहे. तिच्या टिकून राहण्याचं पटणारं उत्तर मात्र गेल्या दीड-दोन दशकांतलं आहे. आणि त्या उत्तराचा धागा थेट कॅन्सरपर्यंत जातोय.

मिसळीची तर्री बघा

उत्तर समजून घ्यायला लॅब नको, मिसळीची प्लेट पुरे. रश्श्यावर तेलाचे लाल थेंब तरंगत असतात. त्यांना कुणी भिंत घातलेली नसते, तरी ते वेगळे राहतात. चमच्याने दोन थेंब जवळ आणले की एक होतात. दोन द्रव एकमेकांत न मिसळता आपापले राहिले, की त्याला म्हणतात फेज सेपरेशन.

पेशीतली काही प्रथिनंही असंच करतात. फरक इतकाच, की इथे तेल नसतं. प्रथिनांना जागोजागी किंचित चिकट ठिकाणं असतात. त्यांची संख्या कमी असेल तोवर ती विखुरलेली राहतात. गर्दीने ठरावीक मर्यादा ओलांडली, की एकमेकांना धरून थेंब बनवतात. या थेंबांना 'कंडेन्सेट' म्हणतात. कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर हा कट्टा! भिंत नाही, दार नाही, हजेरी नाही. लोक येतात, जातात, तरी कट्टा तिथेच असतो. आणि कॉलेजची निम्मी कामं कुठे होतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे पहिल्यांदा नीट दिसलं जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये. मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटमध्ये अँथनी हायमन आणि क्लिफर्ड ब्रँगविन एक मिलीमीटर लांबीच्या जंताचे भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यातले 'पी ग्रॅन्यूल' नावाचे कण घट्ट असतील असा समज होता. प्रत्यक्षात ते केंद्रकावरून ओघळत होते, एकमेकांत मिसळत होते, एका बाजूला विरघळून दुसऱ्या बाजूला तयार होत होते. म्हणजे ते चक्क द्रव होते. २००९ मध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये छापून आलं. पुढे या दोघांना २०२३चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं.

कट्ट्यावर चुकीची माणसं

आता मुद्द्याचं. कॅन्सर म्हणजे पेशीने थांबायचं विसरणं. कुठलं जनुक कधी चालू करायचं आणि कधी बंद, हे ठरवणाऱ्या बऱ्याच प्रथिनांचा कारभार या कट्ट्यांवर चालतो. तिथलं तंत्र बिघडण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील.

पहिला, नको तिथे कट्टा भरणं. युइंग सार्कोमा हा हाडांचा आणि आसपासच्या ऊतींचा कॅन्सर, मुख्यतः लहान मुलांना आणि किशोरवयीनांना होणारा. त्यात दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले जातात आणि एक जोडप्रथिन तयार होतं. त्याचं एक टोक डीएनएला धरतं. दुसऱ्या टोकाला ती चिकट ठिकाणं भरपूर. परिणाम काय? जिथे शांतता हवी, तिथे हे प्रथिन गर्दी जमवतं आणि झोपलेली जनुकं जागी होतात. २०१७च्या एका अभ्यासात त्या टोकाचा चिकटपणा काढून टाकल्यावर ही जनुकं जागी करण्याची ताकदही गेली.

दुसरा प्रकार याच्या बरोब्बर उलटा, हवा तो कट्टा न भरणं. एसपीओपी नावाचं प्रथिन पेशीतली नको असलेली प्रथिनं हुडकून त्यांना मोडीत काढायला पाठवतं. हे काम करताना ते त्या प्रथिनांसोबत थेंब बनवतं. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये एसपीओपीत जे बदल सापडतात, त्यांनी हे थेंब बनणंच बिघडतं. मग कचरा साचतो, आणि हा कचरा पेशीला वाढायला लावणारा असतो.

तिसरा प्रकार म्हणजे थिजणं. थंडीत तूप थिजतं ना, तसं काही प्रथिनं घट्ट होऊन बसतात. पी-५३ हे आपल्या पेशींचं राखणदार प्रथिन. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकात बिघाड सापडतो. हे राखणदार गोळा होऊन घट्ट तंतू बनवतं आणि काम सोडून देतं, यावर पवईच्या आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने मोठं काम केलंय. असे तंतू निरोगी पेशींना दिले तर त्या पेशी कॅन्सरसारख्या वागू लागतात, हेही या गटाने प्रयोगात दाखवलं.

औषध जातं कुठे?

ओळखीत कुणाची केमोथेरपी झाली असेल, तर सिस्प्लॅटिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. डीएनएला चिकटून पेशी मारणारं हे जुनं औषध. औषध पेशीत शिरलं की सगळीकडे सारखं पसरत असेल, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये रिचर्ड यंग यांच्या गटाने २०२० मध्ये हेच तपासलं. मेड-१ या प्रथिनाच्या थेंबांत सिस्प्लॅटिन बाहेरच्यापेक्षा ६०० पटींपर्यंत जास्त जमा होत होतं!

त्याच अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेनही होतं. काही रुग्णांना या औषधाचा गुण येईनासा होतो. त्याचं एक संभाव्य कारण इथे दिसलं. पेशीत मेड-१ वाढलं की थेंब मोठे होतात. औषध तेवढंच, जागा मात्र जास्त. म्हणजे आमटीत पाणी वाढवलं की मीठ कमी लागतं, तसं. म्हणून पुढचं औषध बनवताना 'ते कशाला चिकटतं' याच्या जोडीला 'ते कुठल्या थेंबात शिरतं' हेही बघावं लागणार.

लगेच फॉरवर्ड करू नका!

'कॅन्सरचं मूळ सापडलं' असा मेसेज कुणी पाठवलाच, तर थोडं थांबा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा प्रत्येक ठिपका द्रव थेंब असतोच असं नाही, यावर संशोधकांमध्येच जोरदार वाद आहेत. प्रयोगात एखादं प्रथिन गरजेपेक्षा जास्त भरलं की थेंब बनणारच. शरीरात तेवढं प्रथिन असतं का, हा खरा प्रश्न. थेंब दिसला म्हणजे कॅन्सर त्यानेच केला, हेही आपोआप सिद्ध होत नाही. त्यामुळे घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर यातलं काहीही वाचून गोळ्या बदलायच्या नाहीत. डॉक्टरांना प्रश्न मात्र जरूर विचारा.

आणि तुमचं काय?

बारावीला 'बायो सोडलं, सुटलो' म्हणणाऱ्यांनी हे खास वाचा. ब्रँगविन यांचं पदवीचं शिक्षण मटेरियल सायन्सचं आणि पीएचडी अप्लाइड फिजिक्सची. ड्रेस्डेनच्या त्या कामात फ्रँक युलिशर हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञही होते. थेंब का बनतो हे फिजिक्सचं गणित, तो कशाचा बनतो ही केमिस्ट्री, कुठलं प्रथिन थेंब बनवेल याचा अंदाज बांधायला कोडिंग, आणि पेशंटपर्यंत पोहोचायला मेडिसिन. एवढ्या जणांनी एकत्र बसल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

तेव्हा कॅन्टीनमध्ये फिजिक्सवाल्यांच्या आणि बायोटेकवाल्यांच्या बाकांमध्ये अंतर असेल, तर ते जरा कमी करा. गप्पांना विषय हवा असेल, तर मिसळ मागवा आणि तर्रीपासून सुरुवात करा.