नववी पायरी

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर अंगणवाडीताई बाळाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळते. घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला, की पट्टीवर लाल रंग दिसतो. म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. त्यातही ज्याला भूक उरलेली नाही किंवा आजारपण जडलंय, त्याला आईसह पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे ‘एनआरसी’त, दाखल करतात.

अशा बाळाच्या उपचाराच्या दहा पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिल्या आहेत. रक्तातली साखर उतरू द्यायची नाही, अंग गार पडू द्यायचं नाही, जंतुसंसर्ग आवरायचा, दूध थोडंथोडं वाढवायचं. हे सगळं अपेक्षितच. नवव्या पायरीशी मात्र थबकायला होतं: खेळ आणि माया! रोज पंधरा ते तीस मिनिटं ठरवून खेळ, आजूबाजूला हसतं-बोलतं वातावरण आणि या सगळ्यात आईचा सहभाग.

जीव वाचवायच्या यादीत खुळखुळा कशाला?

नवजात बाळाला मान धरता येत नाही, पण मोठ्या माणसाला जवळ बोलवायची विद्या ते घेऊनच येतं: रडणं, टक लावून पाहणं, आणि थोड्याच आठवड्यांत हसणं. ते रडतं, कुणीतरी उचलून घेतं. असं हजारो वेळा घडलं, की वर्षाच्या आसपास त्याची खात्री पटते, आपण हाक मारली की माणूस येतं. हाच सुरक्षित भावबंध. नवल असं, की ही खात्री पटलेलं मूल पदराला चिकटून बसत नाही. उलट ते रांगत लांब जातं, वळून आई दिसतेय ना बघतं आणि आणखी पुढे जातं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४ साली युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत, हेच टिपलं. तिथली बाळंही अनेक हातांत वाढत होती. आजी किंवा मोठी बहीण सांभाळते म्हणून बंध तुटत नाही. हाकेला ओ देणारी माणसं तीच राहिली पाहिजेत.

कुपोषणात नेमकी हाकच विझते. उपाशी शरीर शक्ती राखतं. बाळ रडत नाही, बघत नाही, हसत नाही. घरात वाटतं, किती शहाणं! दिवसभर राबणाऱ्या आईला हाक ऐकूच येत नाही, ओ मिळत नाही, बाळ आणखी मिटतं. म्हणून तर त्याचं हसू परतणं ही बरं होण्याची खूण मानतात. केंद्रात राहणाऱ्या आईला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. तिच्यावाचून नववी पायरी चढता येत नाही.

या पायरीचं फळ किती दूरवर पोचतं? जमैकात किंग्स्टनच्या वस्त्यांत १९८६-८७ पासून आरोग्यसेविका वाढ खुंटलेल्या बाळांच्या घरी आठवड्यातून तासभर जात आणि आईला घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी खेळवायला शिकवत. हे चाललं दोन वर्षं. ती मुलं बाविशीत आली, तेव्हा अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती.

तेव्हा बाळ गप्प आहे म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. हाक मारल्यावर ते वळून बघतं का, हसल्यावर हसतं का, बघा. नसेल, तर अंगणवाडीत नेऊन दंड मोजून घ्या. आणि रडत असेल, तर उचलून घ्या. उचलल्याने मूल बिघडत नाही.